पुणे की नाशिक : पन्नाशीच्या उंबरठ्यावर शहर बदलताना

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

ठाणे, मुलुंड, डोंबिवली या पट्ट्यातल्या पंचेचाळीस ते पंचावन्न वयाच्या अनेक जोडप्यांच्या घरात रात्रीच्या जेवणानंतर एक चर्चा सुरू होते आणि बहुधा अर्धवटच सुटते. मुंबईतले घर विकून बाहेर पडायचे एवढे ठरलेले असते. पुण्याला जायचे की नाशिकला, एवढेच ठरत नाही. आजचे विवेचन या एका प्रश्नापुरते आहे. पुणे चांगले की नाशिक, या वादात मी शिरणार नाही, कारण तो वाद मिसळीवर येऊन थांबतो आणि त्यातून कोणाचेही सामान हलत नाही. या वयात शहर निवडताना घरातल्या प्रत्येकाचे पुढचे दहा-पंधरा वर्षांचे वेळापत्रक समोर मांडावे लागते आणि त्यातले सर्वांत नाजूक वेळापत्रक कोणाचे, ते ओळखावे लागते, असे माझे मत आहे.

ज्या गोष्टींवर लोक सर्वाधिक बोलतात, त्या निर्णायक नाहीत, हे आधी सांगतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुणे १९२ किलोमीटरवर आहे आणि नाशिक रोड त्याहून चार-पाच किलोमीटर जवळ. एकीकडे बोरघाट, दुसरीकडे कसारा घाट. दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे ते सहाशे मीटर उंचीवर आहेत, त्यामुळे हवेचे कौतुक दोन्हींना सारखेच लागू पडते. डेक्कन क्वीन आणि पंचवटी या दोन्ही गाड्यांमध्ये पासधारकांचे स्वतःचे एक जग आहे. सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत गाड्यासुद्धा एकाच दिवशी, १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाल्या. पहिली पुण्याला थांबते, दुसरी नाशिक रोडला. तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा मुंबईच्या कार्यालयात जावे लागणार असेल, तर अंतराच्या हिशेबावर निवड होणार नाही.

निवड होते ती उपजीविकेवर, आणि या मुद्द्यावर मला थोडे रेंगाळायचे आहे. पंचविशीत शहर बदलणारा माणूस हातातल्या नोकरीचा विचार करतो. पन्नाशीत मात्र ही नोकरी गेली तर पुढची याच शहरात मिळेल का, याचा विचार करायला हवा. नाशिकमध्ये सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहती आहेत, ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स आहे, नाशिक रोडला नोटांचा छापखाना आहे, मोटार आणि विद्युत उपकरणांचे मोठे कारखाने आहेत. हे सारे भक्कम असले, तरी एका विशिष्ट पदावरच्या, विशिष्ट पगाराच्या माणसाला सामावून घेऊ शकतील अशा कंपन्या तिथे मोजक्याच असतात. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा ही माहिती तंत्रज्ञानाची ठिकाणे आणि चाकण, रांजणगाव, पिंपरी-चिंचवड ही कारखानदारीची ठिकाणे मिळून जो विस्तार झाला आहे, त्यात पन्नाशीतल्या माणसाला दुसरे दार ठोठावता येते. ते उघडेलच असे नाही, पण ठोठावायला दार असते. शिवाय ही चर्चा बहुतेक वेळा नवऱ्याच्या नोकरीभोवती फिरते आणि बायकोची नोकरी ‘तिला काहीतरी मिळेलच’ या एका वाक्यात उरकली जाते. दोघांच्या पगारावर घर चालत असेल, तर दोघांच्याही दुसऱ्या नोकरीचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा. तो प्रामाणिकपणे केला, तर पगारावर अजून दहा वर्षे अवलंबून असलेल्या कुटुंबाने पुणे निवडावे, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

याउलट ज्यांचे उत्पन्न शहराशी बांधलेले राहिलेले नाही, म्हणजे ज्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, जे घरूनच दूरच्या कंपनीचे काम करतात किंवा ज्यांचा सल्लागाराचा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी पारडे नाशिककडे झुकते. वकील, लेखापाल, डॉक्टर यांना नव्या गावात ओळखी जमवाव्या लागतात, आणि मध्यम आकाराच्या शहरात त्या लवकर जमतात. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, पंचवटी यांच्यातली अंतरे अजून आटोक्यात आहेत. संध्याकाळी सहाला काम संपवून साताच्या नाटकाला कालिदास कलामंदिरात पोहोचता येते.

पुण्याच्या बाबतीत हेच विधान करण्याआधी कोणते पुणे, असे विचारावे लागते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेच्या हद्दीत आली, आणि पिंपरी-चिंचवडची महापालिका तर वेगळीच. मुंबईच्या घराच्या किमतीत कोथरूड किंवा सहकारनगर परवडेलच असे नाही. जाहिरातीत ‘पुणे’ म्हणून दिसणारे घर पुष्कळदा वाघोली, उंड्री किंवा पुनावळ्यात असते. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली मेट्रो वनाज–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट या मार्गांवर उपयोगी पडते, पण या मार्गांपासून दूर राहणाऱ्यांचा दिवस दुचाकीवर आणि सिग्नलवरच जातो. नाशिकला ‘मेट्रो निओ’ (रबरी टायरवर धावणारी मेट्रो) २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मिळाली ती कागदावरच राहिली. प्रत्यक्षात मिळाली ती त्याच वर्षी जुलैत सुरू झालेली महापालिकेची सिटीलिंक बस. त्यात सिंहस्थाची तयारी म्हणून रस्ते खणले जातात तो काळ नव्याने येणाऱ्याला त्रासाचा वाटतो, पण चांगले रस्तेही त्याच निमित्ताने मिळतात.

पाण्याची चौकशी मात्र शहरापुरती न करता इमारतीपुरती करावी. पुण्याच्या समाविष्ट गावांतील कित्येक सोसायट्या टँकरवर चालतात, तेव्हा विक्री प्रतिनिधीला न विचारता रखवालदाराला मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात ते विचारावे. नाशिकला गंगापूर धरण उशाशी असले, तरी टंचाईच्या वर्षी जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते. पाणी कमी तसेच जास्तही होते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले; नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून गोदावरीच्या पुराचा अंदाज घेतात. नदीकाठचे घर घेताना पूररेषेचा नकाशा पाहणे दोन्हीकडे सारखेच आवश्यक आहे.

मुलांबद्दल थोडक्यात : दहावीनंतर हलणे सोयीचे, अकरावी आणि बारावीच्या मध्ये हलणे टाळावे. बारावी झालेले मूल तसेही शिकायला बाहेर पडेल, म्हणून त्याच्यासाठी शहर निवडण्यात फारसा अर्थ नाही.

सर्वांत नाजूक वेळापत्रक बहुधा ऐंशीच्या घरातल्या आई-वडिलांचे असते. त्यांना दर तीन महिन्यांनी अतिविशेष तज्ज्ञाकडे जावे लागत असेल, तर पुण्यात पर्याय अधिक आहेत. त्यांची गरज रोज चालत जाता येईल अशा डॉक्टरची आणि वाचनालयाची असेल, तर नाशिकचा जुना, भरवस्तीचा भाग त्यांना मानवतो. १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय तिथे आहे. पुण्यातही १८४८ पासूनचे नगर वाचन मंदिर आहे, पण उंड्रीत राहणाऱ्या वृद्धाला त्याचा काय उपयोग?

आता पैशांविषयी. मुंबईचे घर आधी विकून मोकळे होण्याची घाई अनेकांना असते. दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा कर वाचवायचा, तर विक्रीनंतर दोन वर्षांत तयार घर घ्यावे लागते किंवा तीन वर्षांत बांधून घ्यावे लागते. आणि ते नवे घर तीन वर्षांच्या आत विकले, तर मिळालेली सवलत परत जाते. म्हणजे चुकीचे शहर निवडले तर कायदाच तुम्हाला तिथे तीन वर्षे अडकवून ठेवतो. यास्तव मुंबईचे घर भाड्याने द्यावे, निवडलेल्या शहरात स्वतः भाड्याने एक वर्ष काढावे आणि विक्रीचा विचार त्यानंतर करावा. भाड्याचे घर ज्या भागात विकत घ्यायचे आहे त्याच भागात असावे आणि त्या वर्षात मे महिना व पावसाळा दोन्ही यायला हवेत.

नफा दोन कोटींच्या आत असेल, तर आयुष्यात एकदा दोन घरांतही गुंतवता येतो. ते ऐकून काही जण एक घर पुण्यात नोकरीसाठी आणि एक नाशिकला आई-वडिलांसाठी, अशी विभागणी सुचवतात. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की या दोन शहरांना सरळ जोडणारा लोहमार्ग नाही आणि नारायणगाव, संगमनेरवरून जाणारा सुमारे दोनशे दहा किलोमीटरचा रस्ता, आईला बरे नसताना, रात्री अकरा वाजता कापावा लागतो.