बंदरावर अडवलेला कागद

(दृश्य: लाखेचं सील तोडून टपालाची थैली टेबलावर ओतली जाते.)

१९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना मुंबई हायकोर्टात निदान बोलता तरी आलं. २१ तासांहून जास्त वेळ त्यांनी आपली बाजू मांडली. परदेशातून येणाऱ्या वर्तमानपत्राला तेवढीही सोय नव्हती.

ते अडवायला सरकारच्या हाताशी होता १८७८चा ‘सी कस्टम्स अ‍ॅक्ट’, म्हणजे समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या जकातीचा कायदा. त्याचं कलम १९ मालासाठी होतं. अमुक माल आणायला मनाई, अशी अधिसूचना गॅझेटात छापली की काम झालं. वर्तमानपत्रही त्यात मालच! संपादकाला नोटीस नाही, वकील नाही, सुनावणी नाही. न्याय नाकारण्याची इतकी सोपी युक्ती मला तरी दुसरी माहीत नाही.

क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मांच्या लंडनहून निघणाऱ्या ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ या मासिकावर १९०७ साली अशी बंदी आली. दोन वर्षांनी तर लंडनमध्येच ते मासिक छापणारे आर्थर हॉर्स्ली आणि गाय आल्ड्रेड हे दोन इंग्रज तुरुंगात गेले.

(दृश्य: ‘गदर’च्या अंकाचं पहिलं पान.)

१ नोव्हेंबर १९१३. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अमेरिकेतल्या भारतीय क्रांतिकारकांचा साप्ताहिक ‘गदर’ (म्हणजे ‘बंड’) निघाला, आधी उर्दूत, डिसेंबरात गुरुमुखीत. नावासोबतच छापलेलं : ‘अंग्रेजी राज का दुश्मन’. हाताने फिरवायच्या यंत्रावर राबणाऱ्यांत होता सतरा वर्षांचा कर्तारसिंग सराभा. अंक फुकट वाटला जाई. हाँगकाँग, मनिला, सिंगापूर, जिथे पंजाबी मजूर आणि शिपाई तिथे तो जाई. हिंदुस्थानात मात्र टपालातच जप्त होई. मग घरच्या पत्राच्या घडीत, ख्यालीखुशालीच्या मजकुरामागे, त्याचं एखादं पान सरकवलेलं असे.

महायुद्ध पेटलं आणि ‘गदर’ने वाचकांनाच बंड करायला मायदेशी बोलावलं. सप्टेंबर १९१४मध्ये सरकारने नवा वटहुकूम काढला. आता बंदरावर माणसंही अडवता येणार होती.

तरी कर्तारसिंग आला. त्याच्यासोबत आला अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकणारा, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे. मार्च १९१५मध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत पिंगळे बॉम्बसह पकडला गेला.

१६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात सात जणांना फाशी दिलं. त्यांत हे दोघेही होते. अंक निघायला लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.