कोळशाचा डबा काढू नका

मंडळी, टेबलावर ठेवलेला, पेट्रोलची वाफ अडवणारा हा काळा डबा माझ्या 1981 च्या कोरोलातला आहे. वर नळ्यांची तोंडं, खाली जाळी, आणि आत कोळसा. गेल्या काही महिन्यांत आपल्यातल्या तिघांनी जुन्या, कार्ब्युरेटरनं हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या गाड्या घेतल्या आणि तिघांनीही मला हेच विचारलं, "काका, हा डबा आणि हे नळ्यांचं जंजाळ काढून टाकलं तर चालेल का?" चालणार नाही. पण नुसतं नाही म्हणून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून आज थोडं सविस्तर बोलतो.

पेट्रोल म्हणजे कितीतरी हायड्रोकार्बनचं मिश्रण. त्यातले हलके घटक साध्या उन्हानंसुद्धा उडतात. दिवसा टाकी तापली की आतली वाफ बाहेर पडू बघते, रात्री टाकी गार झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे गाडी आठवडाभर जागची हलली नाही तरी रोज पेट्रोल उडत राहतं. दुसरी जागा कार्ब्युरेटरची. तुम्ही गाडी लावता, किल्ली काढता, पंखा थांबतो, आणि तापलेल्या इंजिनाची धग वर चढते. फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या वाटीतलं, पेट्रोल मग अक्षरशः उकळायला लागतं. पेट्रोल 35-40 अंशांनाच उकळायला लागतं. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या, त्यांत फ्लोट चेंबरच नाही, म्हणून ही भानगड आजच्या मुलांना माहीत नसते.

या वाफेचं पुढे काय होतं हे आपल्या याच कॅलिफोर्नियात शोधलं गेलं. पॅसाडेनाच्या कॅलटेक या विद्यापीठात आरी हागेन-स्मिट नावाचे डच रसायनशास्त्रज्ञ होते. ते अननसाच्या वासावर काम करत होते. वास कशाकशाचा बनतो हे वेगळं काढायची त्यांची हातोटी. तीच त्यांनी लॉस एंजेलिसच्या हवेवर वापरली आणि 1950 च्या सुमारास दाखवून दिलं की पेट्रोलमधले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. डोळे चुरचुरायचे, छाती भरून यायची, ते या स्मॉगमुळे, म्हणजे धुरक्यामुळे. कसलंच नियंत्रण नसलेल्या त्या काळच्या गाडीतून जे हायड्रोकार्बन बाहेर पडत, त्यांतला साधारण पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून जातच नसे, तो टाकी आणि कार्ब्युरेटरमधून नुसता उडून जाई. म्हणून कॅलिफोर्नियानं 1970 च्या मॉडेलपासून आणि साऱ्या अमेरिकेनं 1971 पासून ही वाफ अडवणं सक्तीचं केलं.

मी 1986 साली पॅसाडेनाला आलो. माझी खोली सॅन गॅब्रिएल डोंगराच्या पायथ्याशी होती, असं मला सांगितलं होतं. सांगितलं होतं म्हणतो, कारण आल्यापासून कितीतरी दिवस मला तो डोंगर धड दिसलाच नाही. पाऊस पडून गेल्यावर एके सकाळी खिडकी उघडली तर समोर एवढा मोठा डोंगर उभा. तो दिवस मी विसरलेलो नाही. आणि तरीही दोन वर्षांनी हा डबा मीच काढला होता.

झालं असं की गाडी कमी वेगात चालवताना हिसके देत होती. कुणीतरी म्हणालं, त्या डब्यामुळे इंजिनाचा दम कोंडतो, काढून टाक. मी नळ्या उपसल्या आणि टाकीकडून येणाऱ्या नळीत बोल्ट ठोकला. भर उन्हात गाडी उभी राहिली की टाकीत दाब धरायचा, तो दाब पेट्रोलला पुढे ढकलायचा, पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई तो पेलू शकत नसे आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो व्हायचा. लांबच्या प्रवासात उलटं व्हायचं. झाकणातली हवा आत घेणारी झडप जुनी होऊन चिकटलेली, त्यामुळे पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी होऊन गाडी फ्रीवेवर बंद पडायची. झाकण सैल केलं की फुस्स करून हवा आत जायची आणि गाडी पुन्हा चालू. मग मी बोल्ट काढून नळी उघडीच सोडली. आठ दिवसांत गॅरेजभर वास. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, ती जमिनीलगत साचते. आणि त्याच गॅरेजच्या कोपऱ्यात गॅसवर चालणारा पाण्याचा बंब होता, खाली चोवीस तास बारीक ज्योत पेटलेली. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली तरी ती पेट घेते. घरमालकीणबाईंनी वास ओळखून दार ठोठावलं म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे.

हिसक्यांचं खरं कारण नंतर सापडलं. डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीला क्लॅम्पपाशी नखाएवढी चीर होती. तिथून जादा हवा ओढली जात होती.

आता डबा करतो काय, ते पाहा. गाडी बंद असताना टाकी आणि फ्लोट चेंबरमधली वाफ आत येते आणि कोळशाला चिकटते. हा चुलीतला कोळसा नव्हे, मुद्दाम सच्छिद्र केलेला असतो. एका ग्रॅमच्या छिद्रांचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं. इंजिन चालू होऊन थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, थोडं उघडलं की इंजिनाच्या ओढीमुळे (व्हॅक्यूममुळे) खालच्या जाळीतून स्वच्छ हवा आत ओढली जाते, कोळशाला धरून बसलेलं पेट्रोल सोडवते आणि इंजिनात नेऊन जाळते. माझ्या गाडीत ही हवा ओढणारं भोक आयडलिंगला, म्हणजे गाडी जागेवर चालू असताना, थ्रॉटलच्या वर राहतं, म्हणून त्या वेळी ओढ लागतच नाही. मग दम कोंडणार कुठून? डबा काढून पिकअप वाढत नाही. उलट जे पेट्रोल पैसे मोजून घेतलं, ते वाऱ्यावर जातं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. हे सामान काढणं केंद्रीय कायद्यानं बेकायदा आहे, आणि 1990 च्या दुरुस्तीपासून मालकानं स्वतः काढलं तरीही. कॅलिफोर्नियात 1976 पासूनच्या गाड्यांच्या स्मॉग तपासणीत डबा आणि नळ्या डोळ्यांनी पाहतात. 1975 आणि आधीच्या गाड्यांना तपासणी नाही, पण त्याचा अर्थ सामान काढायची मुभा आहे असा नाही.

तुमची गाडी पेट्रोलचा वास मारत असेल तर आधी नळ्या हातानं वाकवून बघा, चिरा लगेच दिसतात. बदलताना पेट्रोलच्या वाफेसाठी बनवलेलीच नळी घ्या, साधी व्हॅक्यूमची नळी पेट्रोलनं फुगते आणि पुढे गळायला लागते. डबा हलवून बघा. ओलं पेट्रोल डुचमळत असेल तर कोळसा भिजलाय. याचं नेहमीचं कारण म्हणजे पंपावर नोझल 'टक' करून थांबल्यावरही आणखी थोडं म्हणून भरत राहणं. ही सवय आजच सोडा. खालच्या जाळीतला गाळ काढा. एवढ्यानं बहुतेक गाड्या सुधारतात.

ज्यांनी डबा काढलाय पण अजून फेकलेला नाही, त्यांनी तो येत्या शनिवारी सकाळी माझ्याकडे घेऊन या. नळ्या आणि क्लॅम्प मी आणून ठेवतो, आपण बसून परत जोडू.