बोटाचं एक पेर

(दृश्य: पाण्याखालून तलावाची भिंत. पिवळा टचपॅड, त्यावर काळी रेघ.)

ही भिंत नीट बघून घ्या, कारण फिरून फिरून आपण इथंच येणार आहोत. पिवळी पाटी दिसतेय ना, तो टचपॅड. पोहणाऱ्याचा हात त्यावर दाबला गेला की वर बोर्डावरचं घड्याळ थांबतं. नुसत्या लाटेनं थांबत नाही, हात बसावाच लागतो.

ऑगस्ट २०१८, जकार्ता, आशियाई खेळ, पुरुषांची ५० मीटर फ्रीस्टाईल. सकाळच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं अशाच एका पाटीवर हात मारला आणि बोर्डावर आलं २२.४३, म्हणजे नवा राष्ट्रीय विक्रम. संध्याकाळी फायनल. तिथं त्याला लागले २२.४७. तिसरा आलेला जपानचा शुनिची नाकाओ, त्याचे २२.४६. ब्राँझ त्याचं, वीरधवल चौथा.

सेकंदाचा शंभरावा भाग! आता हिशोब करू, सोपा आहे. ५० मीटर साधारण साडेबावीस सेकंदात म्हणजे सेकंदाला दोन मीटरहून थोडं जास्त अंतर, त्याचा शंभरावा भाग काढला की येतात दोन सेंटीमीटर आणि वर थोडं. स्वतःच्या तर्जनीचं वरचं पेर बघा. तेवढं.

आणि यातली गंमत म्हणा नाहीतर छळ म्हणा, सकाळचाच टायमिंग संध्याकाळी पुन्हा आला असता तर ब्राँझ याचं होतं.

(दृश्य: पहाट. तलावावर वाफ. कोणी तरी लेनचे दोर ओढतंय.)

कोल्हापूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तालीम येते, लाल माती येते, नाहीतर पेठांचा फुटबॉल, ज्यावरून इथं घराघरात भांडणं होतात. नेमबाजीत तेजस्विनी सावंत, राही सरनोबत याच गावच्या, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणणारा स्वप्नील कुसाळे याच जिल्ह्यातला. पोहण्याचं नाव सहसा या यादीत कोणी घेत नाही. आता पोहता येत नाही असं पोर या भागात सापडणं तसं अवघडच, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून विहिरीत ढकललं की चार दिवसांत येतं पोहायला, पण ते बुडू नये म्हणून शिकलेलं पोहणं. स्पर्धेचं पोहणं वेगळं. विहिरीत तुम्हाला पाण्यावर राहायचं असतं आणि इथं पाणी मागं ढकलून पुढं निसटायचं असतं, आणि हे असं निसटायला शिकण्यात पोराची दहा वर्षं कुठं गेली ते घरच्यांनाही कळत नाही.

वीरधवलचा जन्म २९ ऑगस्ट १९९१ चा. पुढं तो बंगळुरूला कोच निहार अमीन यांच्याकडे ट्रेनिंगला गेला, आणि २००८ मध्ये, सतरा पूर्ण व्हायला अजून काही दिवस बाकी असताना, बीजिंग ऑलिंपिकच्या पाण्यात उतरला. शंभर मीटर फ्रीस्टाईलमध्ये स्वतःची हीट त्यानं जिंकली. आता हीट जिंकली म्हणजे पुढच्या फेरीत गेला असं आपल्याला वाटतं, पण पोहण्यात तसं नसतं, सगळ्या हीटचे टायमिंग एका यादीत लावतात आणि वरचे सोळा सेमीफायनलला जातात. तो गेला नाही. पण सोळा वर्षांचं पोरगं, ऑलिंपिकमध्ये, आपल्या हीटमध्ये पहिलं!

(दृश्य: स्टार्टिंग ब्लॉक जवळून. ओली पावलं, बोटं कडेला घट्ट.)

आता जरा थांबून हा उडी मारायचा ब्लॉक बघा, कारण पन्नास मीटरची अर्धी शर्यत इथंच असते. पुढच्या पायाची बोटं ब्लॉकच्या कडेवर, मागचा पाय त्या तिरक्या फळीवर टेकवलेला, दोन्ही हात खाली ओढून धरलेले. 'टेक युअर मार्क्स' झालं की हलायचं नाही. मग बीप. बीप ऐकू येऊन ब्लॉक सुटेपर्यंत चांगल्या पोहणाऱ्याला सेकंदाचे सहा-सात दशांश लागतात. हवेत तो जेमतेम क्षणभर असतो, आणि मग हात, डोकं, कंबर, पाय सगळं एकाच भोकातून आत गेलं पाहिजे. आपण मारतो तो मुटका, त्यात पाणी जितकं उडेल तितकी शान. इथं उलटं, जेवढं पाणी उडालं तेवढा वेग सांडला.

आत गेल्यावर डॉल्फिन किक. दोन्ही पाय जोडून, पोटापासून निघालेली लाट पायाच्या बोटांपर्यंत. वर पाण्याच्या पृष्ठभागावर लाटा आडव्या येतात, खाली तो अडथळा कमी, म्हणून जेवढं खालून जाता येईल तेवढं बरं, पण नियम असा की पंधरा मीटरच्या आत डोकं वर आलंच पाहिजे. मग हात सुरू. श्वास? बरेच जण पन्नास मीटरमध्ये एकदाच घेतात, काही घेतच नाहीत, कारण मान वळवली की शरीराची रेघ मोडते. बावीस सेकंद श्वास न घेता बसल्या जागी करून बघा, जमेल. पण जीव तोडून पळताना करून बघा.

आणि शेवट. भिंत जवळ येते, हात पुढं गेलाय, अजून वीतभर पाणी आहे. आता आणखी एक हात मारायचा की तसंच सरकत जायचं? आखूड हात मारला तर वेळ जातो, सरकत राहिलं तर वेग मरतो. हे विचार करून ठरवायला वेळच नसतो, म्हणून हजारो वेळा भिंतीकडे पोहून ते अंगात मुरवतात. भिंत हाताला बरोबर मिळणं, यावर कोच लोक अख्खी सकाळ घालवतात आणि बघणाऱ्याला वाटतं यात काय एवढं.

एक जुनी गोष्ट इथंच सांगतो. १९७२, म्युनिक ऑलिंपिक, ४०० मीटर मिडले, म्हणजे चारही प्रकारांनी पोहायची शर्यत. स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी, दोघांचा टायमिंग शंभराव्या भागापर्यंत सारखा. मग हजारावा भाग काढला आणि लार्सन दोन हजारांश सेकंदांनी जिंकला. नंतर लोकांच्या लक्षात आलं की हा अन्याय आहे, कारण एक हजारांश सेकंदात पोहणारा दोन मिलीमीटरच सरकतो आणि कुठलाही तलाव बांधताना एका लेनची भिंत दुसरीपेक्षा एवढी इकडंतिकडं होणारच. म्हणून तेव्हापासून पोहण्यात शंभराव्या भागाच्या पुढं मोजत नाहीत. तिथंही सारखं आलं तर दोघांना मेडल. म्हणजे बघा, घड्याळ जितकं बारीक मोजतं त्यातला सगळ्यात बारीक तुकडा, तो वीरधवलला कमी पडला.

(दृश्य: जुने फोटो. ग्वांगझू, मेडल गळ्यात.)

मेडल त्याच्याकडे होतं, आठ वर्षांपूर्वीचं. नोव्हेंबर २०१०, ग्वांगझूचे आशियाई खेळ, ५० मीटर बटरफ्लाय, २४.३१ सेकंद, ब्राँझ. वय एकोणीस. याच्या आधी आशियाई खेळात पोहण्याचं मेडल भारतात आलं होतं १९८६ ला, सोलहून, खजान सिंग यांचं २०० मीटर बटरफ्लायमधलं सिल्व्हर. चोवीस वर्षं मधे काही नाही. तेव्हा ५० मीटर बटरफ्लाय ऑलिंपिकमध्ये नव्हतीच, ती पहिल्यांदा येतेय २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये, म्हणजे ज्या शर्यतीत हा आशियात तिसरा, त्या शर्यतीला ऑलिंपिकचं दारच नव्हतं. असो.

२०११ ला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि मग राज्य सरकारनं त्याला नोकरी दिली. तहसीलदार.

(दृश्य: कचेरीचं आवार. फायलींचे गठ्ठे, पंखा, बाकड्यावर बसलेली माणसं.)

आता यावर कोणी नाक मुरडू नये. आपल्याकडे पोरगं खेळतंय म्हटलं की पहिला प्रश्न असतो 'पुढं काय', आणि क्लास वनची, गाडी आणि शिपाई असलेली नोकरी, ती पण विशीत, परीक्षा न देता, हे कुठल्या घराला नको असेल. खेळाडूला आयुष्यभराची भाकरी दिली, चांगलंच केलं. पण तहसीलदार म्हणजे काय काम असतं ते जरा बघा. दाखले, उतारे, फेरफारची अपिलं, वाळूच्या गाड्या, पूर आला की पंचनामे, निवडणूक आली की रात्रंदिवस ती. ते काम अर्धवेळ होत नाही आणि व्हायलाही नको, कारण बाकड्यावर बसलेल्या त्या आजींचा दाखला पण खराच आहे. आणि पन्नास मीटर पण अर्धवेळ होत नाही. पोहणारे सांगतात, दोन-तीन दिवस पाण्यात उतरलं नाही तर पाणी हाताला लागत नाही, हात फिरतो पण पकड मिळत नाही. दोन-तीन दिवस म्हणतायत ते.

तो मालवणला तहसीलदार होता. समोर अख्खा अरबी समुद्र.

(दृश्य: मालवणचा किनारा, लांबवर सिंधुदुर्ग किल्ला. पाच सेकंद फक्त लाटांचा आवाज.)

समुद्राला लेन नसते. ब्लॉक नसतो, भिंत नसते.

२०१२ चं लंडन ऑलिंपिक झालं, त्यात तो नव्हता. २०१४ चे इंचॉनचे आशियाई खेळ झाले, त्यातही नव्हता. २०१६ चं रिओ, तेही नाही. स्प्रिंटर ज्या वयात सगळ्यात वेगवान व्हायला लागतो ती वर्षं अशी गेली. मला विचाराल तर चूक नोकरी देण्यात नव्हती, ती ज्या खुर्चीवर दिली तिच्यात होती, पण आपल्याकडे सन्मान म्हटला की खुर्चीच आठवते. एखाद्याला तलावाच्या काठाचीच नोकरी द्यावी, सकाळ-संध्याकाळ पाणी आणि दुपारी जे काय काम असेल ते, एवढं साधं कोणाला सुचत नाही याचं नवल वाटतं.

तर मग तो परत आला. कसा, ते नुसत्या आकड्यांत सांगतो कारण त्या दिवसांचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. त्याचा ५० मीटर फ्रीस्टाईलचा राष्ट्रीय विक्रम होता २२.५२, टोकियोत २००९ ला केलेला. २००९ म्हणजे जगभरात वेग वाढवणाऱ्या, पॉलियुरेथेनच्या त्या चकचकीत सूटचं वर्ष, रोमच्या एका जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले गेले होते, इतकं की १ जानेवारी २०१० पासून ते सूट बंदच केले आणि पुरुषांना बेंबीपासून गुडघ्यापर्यंतची कापडी चड्डी तेवढी उरली. त्या वर्षीचा आकडा नऊ वर्षं कोणी मोडला नाही. जकार्तात तो मोडला वीरधवलनंच, कापडी चड्डीत, मधली इतकी वर्षं पाण्याबाहेर काढून, २७ वा वाढदिवस काही दिवसांवर असताना. पेपरात मोठ्या अक्षरात छापून आलं ते एक शतांश सेकंदानं हुकलेलं मेडल. विक्रम खाली बारीक अक्षरात.

नंतर टोकियो ऑलिंपिकची तयारी, तिथं थेट पात्रतेला २२.०१ लागत होते. मग कोविड आला, तलाव बंद झाले, आणि बाकीचे खेळ हळूहळू सुरू झाले तरी तलाव बंदच. जून २०२० मध्ये त्यानं ट्विट करून सांगितलं की असंच चाललं तर निवृत्तीचा विचार करावा लागेल. टोकियोला जाणं झालं नाही.

२०२३, गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धा, पणजीचा कांपालचा तलाव. ५० मीटर फ्रीस्टाईल. पुरुषांत पहिला वीरधवल खाडे, महिलांत पहिली ऋजुता खाडे, त्याची बायको. एकाच घरात दोन्ही गोल्ड. तिथंच त्यानं थांबायचं ठरवलं.

(दृश्य: पुन्हा पहाटेचा तलाव. लेन चार. कॅमेरा पाण्याच्या पातळीवर.)

ही सकाळची सहाची बॅच. लेन चारमध्ये अकरा-बारा वर्षांची एक मुलगी आहे, निळी टोपी. दोन दिवस आम्ही शूट करत होतो आणि दोन्ही दिवस सर तिच्याकडून एकच गोष्ट करून घेत होते, शेवटचे पाच मीटर. यायचं, भिंतीला हात, परत पाच मीटर मागं, पुन्हा यायचं. या वेळी ती चांगली आली, निदान आम्हाला तसं वाटलं. हात लावून तिनं चष्मा वर केला आणि सरांकडे बघितलं.

सर काठावर उकिडवे बसलेले. घड्याळ बघितलंच नाही त्यांनी.

"बोटं कुठं हुती तुझी? वाकडी हुती. जा माघारी."

ती चष्मा खाली घेते आणि वळते.