बोटीतून उतरा, दातेरी गाडीत बसा

नमस्कार मंडळी. स्वित्झर्लंडहून परतलेले आपले लोक आधी बर्फातले फोटो दाखवतात. मी आज बर्फ नसलेल्या एका दिवसाबद्दल बोलणार आहे. ल्युसर्नहून बोटीने फिट्सनाऊ, तिथून आगगाडीने रिगी डोंगराचा माथा आणि पलीकडच्या अंगाने खाली.

ल्युसर्नच्या स्टेशनातून बाहेर पडलं, की बोटीचा धक्का समोरच. ल्युसर्नच्या सरोवरात वाफेवर चालणाऱ्या पाच जुन्या बोटी अजून फिरतात. थोरली १९०१ ची, धाकटी १९२८ ची. आमच्या बोटीत मधल्या मजल्यावरून खाली इंजिन दिसायचं. तेलाने चकाकणारे पोलादी दांडे मनगटासारखे वळत होते आणि दोन्ही बाजूंची वल्ह्यांची चाकं पाणी घुसळत होती. बाहेर डोंगर होते, पण मी अर्धा वेळ त्या कठड्यालाच टेकून.

तासाभराने फिट्सनाऊ. चार पावलांवर लाल गाडी उभी असते. बोर घाटात कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, ते आपण लहानपणापासून बघतो. तिथला चढ सदतीस फुटांना एक फूट. रिगीवर चारास एक! नुसत्या चाकांची पकड तिथे पुरत नाही. म्हणून निकलाउस रिगेनबाख या अभियंत्याने दोन रुळांच्या मधोमध लोखंडी शिडी आडवी टाकली आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्या पायऱ्यांत अडकवलं. इंजिन कायम उताराच्या बाजूला. म्हणजे चढताना ढकलायचं आणि उतरताना डबा अडवून धरायचा. २१ मे १८७१ ला ही गाडी सुरू झाली. युरोपातली डोंगर चढणारी पहिली दातेरी रेल्वे. त्याच दिवशी रिगेनबाखचा चौपन्नावा वाढदिवस होता. उटीच्या गाडीखालीही असेच दाते आहेत, फक्त ती रचना रोमान आब्ट या दुसऱ्या स्विस माणसाची.

गंमत पुढे आहे. पहिली दोन वर्षं ही गाडी माथ्यापर्यंत जातच नव्हती. वाटेत प्रांताची हद्द लागायची आणि पलीकडचा परवाना डोंगराच्या दुसऱ्या पायथ्याच्या आर्थ गावातल्या कंपनीकडे! शेवटचा तुकडा त्या कंपनीने बांधला आणि फिट्सनाऊवाल्यांनी तो भाड्याने घेतला. १८७५ मध्ये आर्थची स्वतःची गाडीही वर आली. म्हणून आज माथ्याजवळ दोन रूळमार्ग शेजारी-शेजारी धावतात. बांधाच्या भांडणात मुरलेल्या आपल्या गावाकडच्या माणसाला हे लगेच समजेल.

माथा १,७९८ मीटरवर. आम्ही पोचलो तेव्हा धुकं इतकं, की हातातला चहाचा पेलाच काय तो दिसत होता. तासभर थांबलो, पण उघडलं नाही. बायको म्हणाली, "पावसाळ्यात लोणावळ्याला गेलो असतो तर एवढे पैसे वाचले असते." स्विस ट्रॅव्हल पास असेल तर बोट आणि गाडी दोन्ही त्यात येतात, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. आम्ही सुटी तिकिटं काढली होती.

उतरताना निळी गाडी घ्या, आर्थ-गोल्डाऊची. ढगाखाली आलो आणि कुरणं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, सगळं एकदम हजर. गोल्डाऊला लगेच गाडी बदलू नका. २ सप्टेंबर १८०६ ला समोरचा रोसबर्ग डोंगर कोसळला आणि ४५७ माणसं गेली. त्या दरडीचे घराएवढे धोंडे गावात अजून जागच्या जागी आहेत, त्यांच्यावर झाडं उगवली आहेत. आम्ही त्यांतल्या एकापाशी उभे राहून उरलेली बिस्किटं खाल्ली आणि ल्युसर्नची गाडी पकडली.