कोड्यातल्या दिशा

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल जवळ घ्या. आज शब्दकोड्यातल्या दिशांबद्दल बोलू या, आणि घरं आखून बघितली तरच त्यातली खुमारी कळते.

‘एक दिशा, अक्षरं ३’ एवढंच सूत्र आलं की पुष्कळजण घाईनं ‘पश्चिम’ लिहून मोकळे होतात. थांबा. जोडाक्षराला घर एकच, त्यामुळे आठ दिशांत ‘पूर्व’ तेवढी २ घरांची, बाकी सातही ३ घरांच्या. पण या सातांचं पहिलं, मधलं, शेवटचं, कुठलंच घर एकमेकींशी जुळत नाही. आडव्या-उभ्यातून एक अक्षर हाती आलं की दिशा पक्की! कोडं रचणाऱ्यांनी मात्र ‘नैर्ऋत्य’चं मधलं घर मोकळं सोडावं. तिथून उभा शब्द काढायला गेलात तर त्या दिशेची देवता निर्ऋतीच भेटेल, दुसरं कुणी नाही. आणि सोय म्हणून रफार गाळला, तर शुद्धलेखन गेलं.

खरी गोडी दुहेरी अर्थात आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा: समोर पूर्व, उजव्या हाताला दक्षिण, पाठीशी पश्चिम. देवाला उजवीकडे ठेवून फिरायचं, ती प्रदक्षिणा. ‘उत्तर’ म्हणजे दिशा, जबाब आणि नंतरचंही. म्हणून ‘विसर्जनाआधीची पूजा कोणत्या दिशेची?’ हे सूत्र झकास जमतं. तसंच ‘भटजींना द्या, काना काढून घ्या, यमाची दिशा उरेल’: दक्षिणा, दक्षिण.

शब्दात दिशा लपवताना चूक होते ती संधीमुळे. ‘अभूतपूर्व’मध्ये पूर्व अख्खी आहे. ‘निरुत्तर’मध्ये उत्तर कानाला ऐकू येतं, पण त्यातला ‘उ’ ‘रु’च्या पोटात गेला, घरात तो सुटा सापडत नाही. असं सूत्र देणं म्हणजे सोडवणाऱ्यावर अन्याय.

आता हे आडवं सूत्र घ्या: ‘पश्चिमेला वळलेली नदी केविलवाणी, अक्षरं २’. साताऱ्याच्या माणसाला लगेच महाबळेश्वरहून कोकणात उतरणारी सावित्री आठवेल. पण ती ३ घरांची. आडवा शब्द पश्चिमेकडून पूर्वेकडे लिहितो. ‘नदी’ उलट चालवा, ‘दीन’ मिळेल. वेलांटी ‘द’ला सोडत नाही, हे विसरू नका. हीच युक्ती उभ्या शब्दात करायची तर ‘उत्तरेला’ म्हणावं लागेल, कारण तिथं उलटं म्हणजे खालून वर.

शिवाय नकाशावरची उ., द., पू., प. ही आद्याक्षरं आहेतच. पश्चिमेला दक्षिण जोडली की ‘पद’, म्हणजे पाऊल. याच वाटेनं आजचं कोडं सोडवा: ‘आधी उत्तर, मग दक्षिण, अखेरीस अखेरचं टोक, भूक इथंच लागते. अक्षरं ३.’