आजोबांचं जाकीट

[दृश्य: इंग्लंड, हेरफर्डशर परगणा. गुडरिच गावातलं जुनं चर्च.]

गलिव्हर आणि लिलिपुट आपल्याला शाळेपासून ठाऊक. पण त्यांचा कर्ता जोनाथन स्विफ्ट पेशाने पाद्री होता, तोही डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य. धर्मावरून भांडणाऱ्यांची टर उडवणारा माणूस धर्मपीठावरच बसलेला.

घराणंच तसं. आईचे वडील पाद्री. आणि वडिलांचे वडील टॉमस स्विफ्ट, या गुडरिचचे पाद्री. १६४० च्या दशकात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. टॉमस राजाच्या बाजूचे; पार्लमेंटच्या शिपायांनी त्यांचं घर कितीदा तरी लुटलं. पुढचा किस्सा स्विफ्टनेच लिहून ठेवलाय. आजोबा राजाच्या किल्लेदाराकडे गेले. ‘राजासाठी काय देता?’ त्यांनी अंगातला कोट काढून दिला. किल्लेदार म्हणाला, याचे काय येणार? ‘मग हे जाकीट घ्या.’ जाकिटाच्या अस्तरात शिवलेली होती सोन्याची ३०० नाणी! घरातली गोष्ट आहे. थोडं तिखटमीठ लागलं असणारच.

स्विफ्ट १६६७ मध्ये डब्लिनला जन्मला, तेव्हा वडील हयात नव्हते. इस्टेट नव्हती, वाट्याला आले ते हे किस्से. १७०४ च्या ‘अ टेल ऑफ अ टब’मध्ये बाप तीन मुलांना एकेक कोट देऊन जातो आणि मृत्युपत्रात बजावतो, यात फेरफार करायचा नाही. पीटर, म्हणजे कॅथलिक पंथ, फॅशनपायी त्याला झालरी लावत सुटतो. जॅक, म्हणजे कडवे प्रॉटेस्टंट सुधारक, त्या झालरी ओरबाडताना कोटच फाडतो. मला तर त्यात आजोबांचं जाकीट दिसतं.

[दृश्य: चांदीचा प्याला, त्यावरची लॅटिन अक्षरं.]

१७२६ मध्ये ‘गलिव्हर’ आलं. अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून त्यात ११ हजार माणसं जीव देतात. त्याच वर्षी स्विफ्टने एक प्याला गुडरिचच्या चर्चला अर्पण केला. याच प्याल्यातून आजोबा आजाऱ्यांना प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीचा भाकरी-द्राक्षारसाचा प्रसाद, देत, असं त्यावर कोरलंय.

प्रभुभोजनाची बाब स्विफ्टच्या दृष्टीने साधी नव्हती. १६९५ मध्ये पहिली नेमणूक झाली बेलफास्टजवळ किलरूटला. आसपास सगळी प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप न मानणाऱ्या वेगळ्या प्रॉटेस्टंट पंथाची, वस्ती. याच्या चर्चला येणार कोण? पुढे आयर्लंडमध्ये कायदा झाला: सरकारी पद हवं, तर प्रभुभोजन स्विफ्टच्या, म्हणजे सरकारमान्य अँग्लिकन, चर्चच्या रीतीने घ्या. तो रद्द करायची भाषा निघाली, की अंड्यांच्या टोकांना हसणारा हाच माणूस विरोधात पत्रकं लिहायला बसायचा.