पंचवीस बचाव की बावीस दिवस?

मंडळी, बॉक्सिंगमध्ये सगळ्यात मोठं राज्य कोणत्या जगज्जेत्याचं, या गप्पा रंगल्या की कुणीतरी एक आकडा फेकतोच. जो लुईस, ११ वर्षं ८ महिने, २५ वेळा किताब राखला. झालं, वाद मिटला! २२ जून १९३७ ला शिकागोत त्यानं तेव्हाच्या विजेत्या ब्रॅडॉकला आठव्या राउंडमध्ये लोळवलं आणि १ मार्च १९४९ ला निवृत्त झाला, तो हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात वजनदार गटाचा, किताब कंबरेला ठेवूनच. मीही इतकी वर्षं लुईसचाच माणूस. आज मात्र पक्ष बदलून हेन्री आर्मस्ट्राँगच्या बाजूनं उभा आहे.

नुसती वर्षं मोजायची तर लुईसच्या आधीचा हेवीवेट जॅक डेम्प्सीही सात वर्षं विजेता होता. त्यातली शेवटची तीन वर्षं तो किताबासाठी रिंगमध्ये उतरलाच नाही. गदा खुंटीला टांगून ‘मी अजून अजिंक्य’ म्हणणाऱ्या पैलवानाला तालमीतली पोरंसुद्धा हसतील.

लुईसचं तसं नाही. महायुद्धाची चार वर्षं वजा करा, म्हणजे ते २५ बचाव (किताब राखलेल्या लढती) साधारण साडेसात वर्षांतले निघतात. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत तर सात. वार्ताहर त्याला ‘बम ऑफ द मंथ’ म्हणून हिणवायचे, म्हणजे दर महिन्याला एक नवा ऐरागैरा. गंमत बघा, त्या रांगेतला सातवा होता बिली कॉन. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर १८ जूनच्या रात्री लुईसपेक्षा चांगला पंचवीस पौंडांनी हलका असलेला हा पोरगा बारा राउंड त्याला नाचवत होता. तिघा पंचांपैकी दोघांच्या गुणपत्रिकेत कॉन पुढे, तिसऱ्याकडे बरोबरी. पंधरापैकी उरलेले तीन राउंड नुसता लांब राहिला असता तरी चाललं असतं. कोपऱ्यातली माणसं तेच ओरडून सांगत होती. पण याला नॉकआउटच हवा होता! तेराव्या राउंडला तो भिडायला गेला आणि राउंड संपायला दोन सेकंद असताना आडवा झाला.

बर्नार्ड हॉपकिन्सचे मिडलवेटमधले २० बचाव मला मोठे वाटतात, पण पहिली काही वर्षं त्याच्याकडे चार संघटनांच्या चार पट्ट्यांतला (किताबांतला) एकच होता. आज चार मोठ्या संघटना आणि सतरा वजनगट. एकेका गटात चार-चार ‘जगज्जेते’ असले की राज्य कुणाचं म्हणायचं?

आता माझा माणूस, हेन्री आर्मस्ट्राँग. त्याच्या काळी गट आठ आणि बहुतेक ठिकाणी विजेता एकच. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यानं फेदरवेट जिंकलं. मे १९३८ मध्ये मधलं लाइटवेट ओलांडून एकदम दोन गट वर उडी मारून बार्नी रॉसकडून वेल्टरवेट. ऑगस्टमध्ये ल्यू अँबर्सकडून लाइटवेट. तीन किताब एकाच वेळी, एकाच माणसाकडे! अँबर्सच्या लढतीत त्याचं तोंड असं फाटलं होतं की रिंगची जमीन रक्तानं माखली. रेफरीनं लढत थांबवण्याची तंबी दिली. आर्मस्ट्राँगनं दातांवरचं रबर काढून टाकलं आणि उरलेले राउंड रक्त गिळत काढले. पंचांचा कौल दोन विरुद्ध एक, पण त्याच्या बाजूनं.

आणि १९३९ चा ऑक्टोबर घ्या. ९, १३, २०, २४ आणि ३० तारीख. बावीस दिवसांत वेल्टरवेटचे पाच बचाव. समोरचे सगळेच काही वाघ नव्हते, कबूल. पण आजचा विजेता एका लढतीनंतर सहा-सहा महिने दिसत नाही. इथं ९ ची सूज उतरायच्या आत १३ उजाडत होती. पुढं मार्च १९४० मध्ये त्याहून वरच्या मिडलवेटसाठी तो सेफेरिनो गार्सियाशी भिडला, लढत बरोबरीत सुटली. नाहीतर आठांपैकी चार गट या एका माणसानं जिंकले असते.

मागून कुणीतरी म्हणतंय, ‘फेदरवेट तर त्यानं एकदाही राखलं नाही!’ बरोबर आहे. वजन उतरेना, म्हणून सोडून दिलं. लाइटवेटही वर्षभरात अँबर्सनंच परत नेलं. सलग राज्य म्हणाल तर वेल्टरवेटचंच, तेही सव्वादोन वर्षांचं. ४ ऑक्टोबर १९४० ला फ्रिट्झी झिविकनं ते संपवलं. पंधराव्या राउंडची शेवटची घंटा झाली तेव्हा आर्मस्ट्राँग खाली पडलेला होता, डोळे सुजून जवळजवळ मिटलेले.

अकरा वर्षांपुढे सव्वादोन वर्षं, हे मला दिसतंय. तरी माझं मत आर्मस्ट्राँगलाच. लुईसवाल्यांनो, आता तुम्ही बोला.